गळ कोणाचा, डोह कोणाचा?

हौशी मासेमारी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. मालवण, मुरूड, गोव्यातले मांडवीचे मुख, फार तर अंदमान. होडी भाड्याने घ्यायची, रीळ लावलेला रॉड घेऊन बाहेर पडायचे, जिताडा किंवा तांब गळाला लागला की त्या रात्रीच्या जेवणाची चिंता मिटली. अंदमानच्या प्रवाळांभोवती तर जायंट ट्रेव्हली नावाच्या दांडग्या माशासाठी परदेशातून लोक येतात, त्याच्याशी झुंजतात, फोटो काढतात आणि मासा परत पाण्यात सोडतात. या नकाशात चंद्रपूर आणि गडचिरोली कुठेच नसतात. चंद्रपूर म्हणजे कोळसा आणि वाघ, गडचिरोली म्हणजे जंगल आणि बंदूक, एवढ्यावर आपली ओळख थांबलेली आहे.

पाण्याच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. सिवनीकडून आलेली वैनगंगा या दोन जिल्ह्यांची सीमा आखत दक्षिणेला उतरते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. सुमारे ११३ किलोमीटर वाहून प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. खाली सोमनूरला बस्तरची इंद्रावती येऊन मिळते. त्याआधी भामरागडला त्याच इंद्रावतीत पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचे पाणी पडते. नद्यांखेरीज घोडाझरी, आसोलामेंढा, दिना, इरई ही मोठी जलाशये आहेत आणि गावोगावचे मामा तलाव आहेत. समुद्रापासून इतक्या आत, पण गोड्या पाण्याच्या माशांची एवढी विविध घरे महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील.

म्हणूनच अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. ताडोब्याच्या जिप्सींत आता जागा मिळत नाही. मग पर्यटकाला नदीवर का नेऊ नये? केंद्राच्या २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मनोरंजनासाठीच्या मासेमारीलाही जागा ठेवलेली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हापासून दक्षिण गडचिरोलीत पर्यटक येतील ही अपेक्षा उघड बोलली जाऊ लागली. गळाची सहल हा त्या अपेक्षेतला एक लहान भाग. तो लहान असतानाच त्याची नीट तपासणी व्हायला हवी. ताडोब्याभोवती रिसॉर्ट उभे राहिल्यावर आपण विचार करायला बसलो. नदीच्या बाबतीत क्रम उलटा असावा.

छंद म्हणून मासे धरणे ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट आहे, असा एक समज आहे. पण कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणते खाद्य दाखवावे, दोर कसला आणि काठी कशी असावी, हे सगळे राजाने तपशिलाने सांगितले आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरगा-निलंग्याच्या पलीकडचे. म्हणजे गळाच्या छंदावरचा एक फार जुना ग्रंथ आपल्याच शेजारी लिहिला गेला. इंग्रजांच्या काळात या छंदाला नवा नायक मिळाला: महाशीर, आपल्याकडचा खडस. मद्रास सरकारचा अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले आणि महाशीर हा साहेबांच्या शिकारीच्या यादीत वाघाच्या शेजारी जाऊन बसला. दख्खनच्या खडसाचे शास्त्रीय वर्णन त्याआधीच, १८३९ साली, कर्नल साइक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले होते.

या खडसाचीच पुढची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण गडचिरोलीत हौशी मासेमारी सुरू करायची म्हटली की पहिली सूचना येईल ती ‘महाशीराचे बीज आणून सोडा’ हीच. १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या वळवण धरणावर टाटांच्या वीज कंपनीने महाशीराचे बीजोत्पादन केंद्र उभारले. राज्याचे माजी मत्स्य संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी तिथे खडसाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. धरणांमुळे नदीतून नाहीसा होत चाललेला मासा माणसाच्या हातून वाढू लागला, ही त्या काळातली मोठीच कामगिरी होती. तिथली पिल्ले देशभरच्या नद्यांना आणि जलाशयांना दिली गेली. हेतू चांगला होता आणि कष्ट खरे होते.

त्यातली काही पिल्ले कर्नाटकात कावेरीला गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. इंग्रज ज्याच्यासाठी येत तो हाच. लोणावळ्याचा खडस तिथे रुजला, फोफावला, आणि कावेरीचा मूळ मासा वर्षागणिक विरळ होत गेला. हौशी मासेमारांच्या शिबिरांमध्ये वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या नोंदवह्या संशोधकांनी उघडल्या, तेव्हा हा बदल ठळक दिसला. २०१८ साली त्या उंचवट्याच्या महाशीराची शास्त्रीय ओळख नक्की झाली, आणि त्याच वर्षी तो जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. नाव लागेपर्यंत तो संपत आला होता.

या गोष्टीतून दोन गोष्टी एकत्र हाती लागतात आणि त्या एकमेकींना छेद देतात. बाहेरचे बीज नदीत टाकणे हा उपकार ठरेलच असे नाही. आणि दुसरी अशी, की हे नुकसान मोजता आले ते गळ टाकणाऱ्यांनी प्रत्येक माशाची नोंद ठेवली होती म्हणून. प्राणहितेच्या डोहांत गेल्या पन्नास वर्षांत कोणता मासा किती कमी झाला हे दाखवणारी अशी एकही वही आपल्याकडे नाही. इथल्या मासेमार धिवरांच्या आठवणीत ती माहिती आहे, पण ती विचारायला कोणी गेलेले नाही.

कावेरीची ती शिबिरे पुढे बंद झाली. भीमेश्वरी, गालिबोरे आणि दोड्डमाकळी या जागा कावेरी अभयारण्यात येतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला तरी गळ टाकून मासा धरणे आणि सोडणे हेही त्याच्या बंदीत बसते, असा अर्थ २०१० च्या आसपास लावला गेला आणि हौशी मासेमारीला तिथे पूर्णविराम मिळाला. शिबिरांचे समर्थक अजूनही सांगतात की गळवाल्यांचा वावर होता तोवर नदीत सुरुंग लावणाऱ्यांवर वचक होता आणि पूर्वी चोरून मासे मारणारेच शिबिरांत वाटाडे म्हणून नोकरीला लागले होते. त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. पण अभयारण्यात गावकऱ्याला मासा धरता येत नसेल आणि पैसे मोजणाऱ्या पाहुण्याला येत असेल, तर त्या जंगलाचे रक्षण गावकऱ्याने का करावे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

हा मुद्दा आपल्याकडे नवा नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. ताडोब्याच्या तळ्यात मगरी आहेत, तिथे गळ टाकण्याचा प्रश्नच नाही आणि असू नये. पेंचला मात्र तो न्यायालयापर्यंत गेला. तोतलाडोह धरणामुळे आणि राष्ट्रीय उद्यानामुळे विस्थापित झालेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेश सरकारने त्या जलाशयात मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध याचिका झाली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये परवाने रद्द केले नाहीत; शर्ती घातल्या. छायाचित्र असलेले ओळखपत्र, काठावर चूल पेटवायची नाही, किती मासे धरले याची रोज नोंद. जंगलाचे रक्षण आणि माणसाची भाकरी यांच्यात वाट काढण्याचा तो प्रयत्न होता. चंद्रपूर-गडचिरोलीत गळाच्या सहलींचा विचार करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो निकाल आधी वाचावा. विस्थापितांच्या पोटासाठी ज्या पाण्यावर इतक्या अटी लागल्या, तिथल्या नियमाहून पाहुण्याच्या हौशीचा नियम सैल असू शकत नाही.

आता माणसांकडे येऊ. या दोन जिल्ह्यांत मासा धिवरांचा आहे. धिवर, भोई, केवट अशा नावांनी ओळखली जाणारी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या तलावावर आणि नदीवर जगत आली. पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, साडेसहा हजारांवर आहेत. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत ते पसरलेले आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने त्यांतले कित्येक बांधले. उतार ओळखून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचे, जादा पाण्याला सांडव्याची वाट करून द्यायची. या तलावांवर धान पिकले आणि मासाही पिकला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा निस्ताराचा, म्हणजे रोजच्या वापराचा, हक्क कागदावर राहिला. गाळ उपसणारे हात थांबले. काठावर बेशरमाची झुडपे माजली. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे गेला. त्यात धिवरांच्या संस्था उभ्या राहिल्या हे चांगले झाले, पण ठेक्याची रक्कम भरायची तर झटपट वाढणारा मासा हवा. म्हणून दरवर्षी कटला, रोहू, मृगळाचे बीज विकत आणून सोडायचे असा रिवाज पडला. स्थानिक मरळ, शिंगाळा, वाम, पोष्टी आणि झिंगे यांची ठेकेपत्रात कोणी गणतीच केली नाही. भरीला तिलापिया आला, आणि काही ठिकाणी आफ्रिकन मांगूर. त्यावर देशात २००० सालापासून बंदी असली तरी तो चोरवाटेने तळ्यांत पोचलाच.

याच्या उलट काम शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यात झाले आहे. अर्जुनी-मोरगावच्या भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या धिवरांना गुरू मानून तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. बेशरम उपटायची, तळाची नांगरट करायची, गाद, चिला, देवधान, कमळ अशा पाणवनस्पती लावायच्या, म्हणजे स्थानिक माशांना अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला जागा होते. मासा बाहेरून आणून टाकण्याऐवजी माशाचे घर दुरुस्त करायचे, हा त्यातला विचार. त्या तलावांवर देशी मासे परत आले, पाणपक्षी आले, आणि धिवर स्त्रिया तलावाच्या कामात आणि ग्रामसभेत बोलू लागल्या. आपल्या विषयासाठी मला यापेक्षा महत्त्वाचे उदाहरण सापडत नाही. हौशी मासेमाराला जो मासा हवा असतो, म्हणजे देशी, जोरकस, स्वतःच्या पाण्यात वाढलेला, तो अशाच तलावात तयार होतो. ठेक्याच्या तलावातला बीज सोडून वाढवलेला कटला त्याला कशाला हवा? तो बाजाराचा मासा आहे.

नद्यांची अवस्था तलावांहून बिकट आहे. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून याच धरणाच्या पाण्यात येते, त्यावर जलपर्णी पसरते. खाली गडचिरोलीच्या वाट्याला येते ते धरणाच्या दारांवर अवलंबून असलेले पाणी: कधी अचानक लोंढा, कधी उघडी वाळू. वाळूचा उपसा वेगळाच. पश्चिमेला वर्धा नदीच्या काठी कोळशाच्या खाणींचे मातीचे डोंगर, बल्लारपूरचा कागद कारखाना, औष्णिक वीज केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे होते. चंद्रपूर शहरातून जाणाऱ्या इरई आणि झरपट या नद्यांकडे पाहिल्यावर त्या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दक्षिण टोकाला मेडीगड्डा आहे. प्राणहिता गोदावरीला मिळते त्याच्या थोडे खाली तेलंगणाने कालेश्वरम प्रकल्पाचा हा बंधारा घातला. लांबी सुमारे १.६ किलोमीटर, दारे ८५, उद्घाटन जून २०१९. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले आणि पाणी सोडून द्यावे लागले. सिरोंच्याच्या शेतकऱ्यांचे बुडीत क्षेत्राचे गाऱ्हाणे वर्तमानपत्रांतून येत राहिले. माशांचे गाऱ्हाणे मांडायला कोणी नव्हते. पावसाळ्याच्या पहिल्या पाण्यावर मासा वर चढतो, अंडी घालतो, पाणी उतरताना पिल्ले खाली येतात. चढणीची वाट बंद झाली की वरच्या नदीचा वंश तुटतो. गोदावरीच्या बाबतीत हे दीड शतकापूर्वीच सुरू झाले: आंध्रात धवलेश्वरमचा बंधारा १८५२ साली पूर्ण झाला आणि समुद्रातून वर येणाऱ्या हिलशाची वाट अडली. अहीर नावाचा सापासारखा मासा समुद्रात जन्मतो आणि नदीत मोठा होतो. त्याच्या पिल्लांना गडचिरोलीपर्यंत यायचे तर आता किती भिंती ओलांडाव्या लागतील! किनाऱ्यावरची मासेमारी आणि या जंगलातली मासेमारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण मानतो. नदीला ते मान्य नाही. पर्लकोटेचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच जाते.

याशिवाय माणसाच्या हातचे विष आहे. झाडाच्या साली कुटून डबक्यात मासे गुंगवण्याची रीत माडिया गोंडांत जुनी आहे. ती आटत्या डबक्यापुरती, सगळ्या गावाने मिळून करायची गोष्ट होती. आता शेतावरचे कीटकनाशक, ब्लीचिंग पावडर, सुरुंग आणि विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात सोडलेला करंट हे प्रकार आले. सुरुंग आणि विष यांवर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातलेली आहे. एका सुरुंगाने डोहातले मोठे मासे मरतात, त्यांच्याबरोबर बोटाएवढी पिल्लेही मरतात, आणि अर्धे मेलेले मासे तळालाच राहतात. असल्या नदीवर पाहुण्याला रॉड देऊन उभे करणे म्हणजे त्याची फसवणूक आहे आणि नदीचीही.

मग धरून सोडणे हा उपाय किती खरा? हौशी मासेमारीच्या बाजूने सगळ्यात जोरात मांडला जातो तो हाच युक्तिवाद: आम्ही मासा मारत नाही, सोडतो. थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात हा युक्तिवाद बराचसा टिकतो. काटा बिनआकड्याचा असेल, झुंज लांबवली नसेल, मासा ओल्या हातांनी पाण्यातच धरून सोडला असेल, तर तो बहुधा जगतो. पण झुंजीत माशाचे स्नायू थकतात, रक्तात आम्ल साठते, आणि ते निस्तरायला त्याला प्राणवायू लागतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा नदी तुकड्या-तुकड्यांनी उरते आणि नदीभरचे मोठे मासे उरल्या डोहांत गोळा झालेले असतात. हौशी माणसाला तोच हंगाम सोपा वाटणार, कारण मासा कुठे आहे हे दिसते. नेमका तेव्हाच सोडलेला मासा थोड्या वेळाने उलटा होऊन तरंगण्याची शक्यता सर्वांत जास्त. समुद्रात सोडलेल्या माशाला जायला अवघा समुद्र असतो. वैशाखातल्या डोहातल्या माशाला जायला कुठेच जागा नसते. म्हणून फाल्गुन लागल्यापासून पावसाळा सरेपर्यंत नदीवर गळ नको. आधी उन्हाळ्यासाठी, मग चढणीसाठी. उरतात ते कार्तिक ते माघ, म्हणजे थंडीचे महिने.

याच कारणाने मी नदीपेक्षा तलावाकडे आणि महाशीरापेक्षा मरळीकडे बोट दाखवीन. मरळ हवेतला प्राणवायू घेऊ शकते, पृष्ठभागावर येऊन श्वास घेते, त्यामुळे झुंजीनंतर सोडली तर महाशीरापेक्षा तिच्या जगण्याची आशा जास्त. ती शिकारी मासा आहे, बेडकावर झेप घेते, म्हणून रबरी बेडकाच्या आमिषावर तिला खेळवण्याचा छंद देशभरच्या तरुणांत आधीच पसरलेला आहे. त्यासाठी कोणाला कावेरीवर जावे लागत नाही. तिच्या बाबतीत एकच पथ्य फार कडक पाळावे लागेल. पावसाळ्यात मरळीची जोडी पिल्लांच्या तांबड्या थव्याची राखण करते. थव्याजवळ गळ टाकला तर आई-बाप हमखास झेप घेतात आणि ते पाण्याबाहेर गेले की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. असा थवा दिसला की तो तलाव बंद, हा नियम धिवराला शिकवावा लागणार नाही. पाहुण्याला शिकवावा लागेल.

वाघाचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, गुरे चारायला गेलेली माणसे दर वर्षी वाघाच्या हल्ल्यात मरतात. गळ टाकायची उत्तम वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. वाघाची पाण्यावर येण्याची वेळही तीच. त्यामुळे जंगलातले तलाव सोडून गावाच्या पाळीवरचे, उघड्या शिवारातले तलावच यासाठी निवडावे लागतील, आणि गावचा माणूस सोबत असल्याशिवाय कोणालाही काठावर जाऊ देता येणार नाही. एका पर्यटकाचा बळी गेला तर त्याची किंमत आसपासच्या सगळ्या गावांना बंदीच्या रूपाने मोजावी लागेल.

राहिला हक्काचा प्रश्न, आणि माझ्या मते बाकी सगळे त्यावर उभे आहे. गडचिरोलीचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या लहान जलस्रोतांचे नियोजन आणि व्यवस्थापन गावाकडे सोपवले. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाण्यातली इतर उपज स्पष्ट लिहिलेली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने हे गाव अभ्यास मंडळ भरवून आपले निर्णय आपण घेत होते, आणि कठाणी नदीत विष टाकून मासे मारायचे नाहीत हा त्यांतलाच एक. गावाने स्वतःला घातलेला तो नियम १८९७ च्या कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो. तिकडे रायगडात महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि पालघरमध्ये वैतरणेवरच्या तिलशात देवाचे म्हणून महाशीर राखले गेले आहेत. श्रद्धेने असो वा ग्रामसभेच्या ठरावाने, डोह वाचले आहेत ते काठावरच्या गावाने वाचवायचे ठरवले म्हणून.

या कायद्यांत धिवरांची मात्र अडचण होते. धिवर भटक्या जमातींच्या यादीत आहेत, अनुसूचित जमातींत नाहीत. वनहक्क कायद्याखाली त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करावा लागतो, आणि त्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवासाचा पुरावा लागतो. पाण्यावर जगणाऱ्यांकडे सातबारा नसतो. ७५ वर्षांपूर्वीचा कागद ते आणणार कुठून? त्यामुळे तलावावरचा त्यांचा हक्क ठेक्याच्या मुदतीएवढाच उरतो. उद्या हौशी मासेमारीला भाव आला आणि तलाव जास्त बोली लावणाऱ्याला द्यायची टूम निघाली, तर सर्वांत आधी हेच लोक काठावरून हटवले जातील. ताडोब्याच्या दारात स्थानिक मुलांना वाटाड्याची आणि जिप्सी चालवण्याची कामे मिळाली, त्यांची घरे त्यावर उभी राहिली, हे खरे आहे. हॉटेलांचे मालक बहुतांश बाहेरचे आहेत, हेही तितकेच खरे. तलावांच्या बाबतीत मालकीचा हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

माझे मत असे. प्राणहिता, इंद्रावती आणि वैनगंगेच्या डोहांवर आज हौशी मासेमारी सुरू करू नये. तिथे आधी धिवरांना आणि माडियांना विचारून माशांची नोंदवही सुरू व्हावी, काही डोह ग्रामसभांच्या ठरावाने राखीव व्हावेत, आणि बाहेरून महाशीराचे बीज आणून सोडण्याचा मोह सरकारने आवरावा. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात तर हा विषय काढूच नये. गावशिवारातल्या मामा तलावांपैकी जे धिवरांच्या संस्थांनी देशी माशांसाठी दुरुस्त केले असतील, तिथे थंडीच्या महिन्यांत, मोजक्या काठ्यांना, संस्थेच्या परवानगीने आणि संस्थेलाच शुल्क भरून गळ टाकू द्यावा. दर तलावावर दिवसाला किती माणसे, हे पर्यटन खात्याने ठरवू नये, संस्थेने ठरवावे. गळाला लागलेल्या प्रत्येक माशाची जात, लांबी आणि दिवस त्या संस्थेच्या वहीत उतरवला जावा. कावेरीला ज्या नोंदींनी उशिरा का होईना खरे काय ते दाखवले, त्या इथे सुरुवातीपासून असतील. असे दोन-चार तलाव जरी नीट चालले तरी ठेकेपत्रात देशी माशाला किंमत येईल, आणि बीज विकत आणण्याची सक्ती सैल होईल.

नागपूर-पुण्याहून रॉड घेऊन या बाजूला येणाऱ्या तरुण मित्रांना एक विनंती आहे. तलावावर पोचल्यावर आधी तिथल्या मत्स्यव्यवसाय संस्थेच्या अध्यक्षाला भेटा, ठेका कोणाचा आहे ते विचारा, आणि परवानगी नाही म्हटली तर गळ पिशवीतच ठेवून परत या. परवानगी मिळाली तर बिनआकड्याचा काटा लावा, मासा पाण्याबाहेर उचलून फोटो काढू नका, तांबड्या पिल्लांचा थवा दिसला तर जागा सोडा. आणि नदीत कुठे विष किंवा करंट टाकलेला दिसला, तर ती खबर पोलीस पाटलाला आणि ग्रामसभेला त्याच दिवशी द्या.